खेळाच्या विटा आणि कापसाचा रेचा

खेळणें म्हटलें कीं प्रौढ माणसाच्या मुद्रेवर एक प्रकारची क्षमाशीलता उमटते. मुलानें खेळावें, मोडावें, रुसावें आणि यथाकाल पुस्तकाकडे वळावें, असा जगाचा संकेत आहे. परंतु कांहीं खेळणीं अशीं असतात कीं तीं खेळणाराकडून अभ्यास करून घेतात, आणि तोहि असा कीं त्यांत घोकंपट्टीचा उपयोग होत नाहीं. प्लॅस्टिकच्या लहान लहान विटा एकमेकींत बसवून, त्यांत दंतचक्रें, आंस व एक छोटी विजेची मोटर घालून चालतीं यंत्रें उभारणें हा असाच एक खेळ आहे. गेलीं कांहीं वर्षें मी तो आवडीनें खेळत आलों आहें. आमच्या परभणी जिल्ह्याच्या ओळखीचें एक यंत्र, म्हणजे कापसांतून सरकी वेगळी करणारा रेचा, या विटांतून उभा करितांना जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आहे.

या विटांचा इतिहास एका सुताराच्या घरांत सुरू होतो. डेन्मार्क देशांतील बिलुंड या खेड्यांत ओले किर्क ख्रिश्चनसन नांवाचा सुतार राहत असे. मंदीच्या काळांत बांधकामाचें गिऱ्हाईक मिळेनासें झालें, तेव्हां १९३२ सालीं त्यानें लांकडी खेळणीं करावयास घेतलीं. १९३४ सालीं आपल्या उद्योगास त्यानें 'लेगो' हें नांव दिलें. 'चांगलें खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचा तो संक्षेप आहे. १९४९ सालीं तेथें प्लॅस्टिकच्या विटा निघूं लागल्या, परंतु त्या एकमेकींस पुरेशा घट्ट धरीत नसत. वरच्या अंगास गोल खुंट्या आणि खालच्या पोकळींत नळ्या, ही आजची रचना २८ जानेवारी १९५८ या दिवशीं पेटंटासाठीं नोंदविली गेली, आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत त्या वृद्ध सुतारानें देह ठेविला. पुढें १९७७ सालीं दंतचक्रें, आंस व भोंकें पाडलेल्या तुळया यांचे संच बाजारांत आले, आणि तोंवर घरें बांधणारी वीट यंत्रें बांधूं लागली. नासरेथच्या सुताराच्या घराची कथा ज्या शाळेंत दरवर्षीं सांगितली जाते, तेथें या दुसऱ्या सुताराची हकीकत परकी वाटूं नये.

या खेळाचें पहिलें शिक्षण मापाचें आहे. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ पट्टीची उंची विटेच्या एकतृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. दंतचक्रांचेंहि माप ठरलेलें असतें. दाते जेथें परस्परांस भेटतात तेथपर्यंत व्यास मोजला, तर दर दात्यास एक मिलिमीटर पडतो. ८ दात्यांच्या चाकाची त्रिज्या ४ मिलिमीटर, २४ दात्यांच्या चाकाची १२. दोन्ही मिळून १६, म्हणजे बरोबर दोन भोंकांचें अंतर. ८ आणि ४० दात्यांचीं चाकें घेतलीं, तर ४ आणि २० मिळून २४, म्हणजे तीन भोंकें. आडव्या दिशेनें सर्व कांहीं असें जुळतें. उभ्या दिशेनें मात्र अडचण येते. एका तुळईवर दुसरी तुळई ठेविली, तर त्यांच्या भोंकांमध्यें ९.६ मिलिमीटर अंतर पडतें, आणि तें आठाच्या कोणत्याहि पटींत बसत नाहीं. मग दोन तुळयांच्या मध्यें दोन पातळ पट्ट्या घालाव्या. ९.६ मध्यें ३.२ दोनदां मिळविले कीं १६ होतात, आणि उभी तुळई दोन्ही आडव्या तुळयांस खुंटीनें जखडतां येते. ही बेरीज चौथीच्या मुलास येते. परंतु तिच्यावांचून यंत्राचा सांगाडा उभा राहत नाहीं, हें जेव्हां हातास कळतें, तेव्हां त्या बेरजेचें मोल निराळेंच वाटूं लागतें.

कोणतें यंत्र करावें हा प्रश्न निघाला, तेव्हां चित्रपुस्तिकेंतील मोटारगाड्या व याऱ्या बाजूस ठेवून मीं रेचा निवडला. परभणी जिल्ह्याची काळी जमीन ही कापसाची जमीन आहे. मानवत आणि सेलू हीं गांवें कापसाच्या बाजारपेठा म्हणून प्रसिद्ध आहेत. हंगामांत जिनिंगच्या आवारांत पडलेले पांढरे ढीग आमच्याकडील मुलांस नवे नसतात. परंतु ढीग दिसतो, यंत्र दिसत नाहीं. कापूस आंत जातो, रूई आणि सरकी निरनिराळ्या वाटांनीं बाहेर येतात, एवढेंच बहुतेकांस ठाऊक असतें.

वस्तुतः हें यंत्र आपल्या देशाचें जुनें सोबती आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकांतल्या चित्रांत एका रुळाचा रेचा दाखविला असल्याचें संशोधकांनीं ओळखलें आहे. पुढें मध्ययुगांत दोन रुळांची चरकी रूढ झाली. तिच्या दोन्ही रुळांच्या टोकांस मळसूत्री दाते कोरलेले असत, आणि एक रूळ हातानें फिरविला कीं दुसरा आपोआप उलट दिशेनें फिरे. लांकडांत कोरलेलें तें मळसूत्र आणि माझ्या संचांतील बोटाच्या पेराएवढें प्लॅस्टिकचें मळसूत्री चक्र हीं एकाच कुळांतलीं होत. अमेरिकेंत एली व्हिटनी यानें १७९४ सालीं तारेच्या दात्यांच्या रेच्याचें पेटंट मिळविलें. १८४० सालीं फोन्स मॅकार्थी यानें रुळाच्या रेच्याचें पेटंट घेतलें. आपल्याकडील जिनिंगमध्यें जो दुहेरी रुळांचा रेचा चालतो, तो या मॅकार्थीच्या रेच्याच्या वंशांतला आहे.

त्याची रचना थोडक्यांत अशी. कातड्याच्या चकत्या दाबून बनविलेले दोन खरखरीत रूळ परस्परांच्या उलट दिशांनीं फिरतात. प्रत्येक रुळास एक स्थिर पातें घट्ट टेंकलेलें असतें. कापसाचे तंतु रुळास चिकटून पात्याखालून ओढले जातात. सरकी मोठी असल्यामुळें पात्याच्या धारेशीं अडते. आणि मध्यें वेगानें हलणारें दुसरें पातें तिला ठोसे देऊन तंतूंपासून सोडवितें. रूळ मिनिटास सुमारें १०० फेरे घेतात, तर हलतें पातें तेवढ्याच वेळांत सुमारें १,००० हेलकावे घेतें. म्हणजे एकाच यंत्रांत एका अवयवानें सावकाश पण जोरानें चालावयाचें, आणि दुसऱ्यानें हलक्या हातानें पण चपळाईनें.

माझी मोटर भार नसतांना मिनिटास सुमारें ४०० फेरे घेते. ती सरळ रुळास जोडली, तर रूळ भर्रकन फिरतो, आणि कापसाचा पहिला पुंजका लागतांच थांबतो. मोटरीच्या अंगीं वेग पुष्कळ आहे, बळ थोडें. म्हणून ८ दात्यांच्या चाकानें २४ दात्यांचें चाक फिरवावें, त्याच आंसावर दुसरें ८ दात्यांचें चाक बसवून त्यानें पुन्हां २४ दात्यांचें चाक फिरवावें. पहिल्या जोडीनें वेग तिसऱ्या हिश्शावर येतो, दुसरीनें नवव्या हिश्शावर. रूळ मिनिटास सुमारें ४४ फेऱ्यांवर उतरतो, आणि घर्षणांत जाईल तेवढें वजा करून त्याचें बळ नऊपट होतें. हलत्या पात्यासाठीं मोटरीच्याच वेगानें फिरणाऱ्या पहिल्या आंसावर एक चाक बसवून, त्याच्या मध्यास नव्हे तर कडेजवळच्या भोंकास दांडी जोडली. चाक फिरलें कीं दांडी पुढें-मागें होते, आणि पातें हेलकावे घेतें. खऱ्या रेच्यांत रूळ व पातें यांच्या वेगांत जें एकास दहाचें प्रमाण असतें, तें येथें एकास नवाचें साधलें. वेग दिल्यावांचून बळ मिळत नाहीं, आणि दोन्ही एकदम कोणी फुकट देत नाहीं, हा नियम पुस्तकांत एका ओळींत संपतो. येथें तो बोटांस प्रत्येक चाकागणिक जाणवतो.

रुळांसाठीं संचांतील लहान गाड्यांचे रबरी टायर एका आंसावर ओळीनें बसविले. दोन्ही रूळ उलट फिरावे म्हणून त्यांच्या आंसांवर २४ दात्यांचीं सारखीं चाकें परस्परांस भिडविलीं. कापूस अडकला असतां काय करावें, याचें उत्तर संचांतच होतें. त्यांत २४ दात्यांचें एक पांढरें चाक असतें; त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असा आंकडा कोरलेला असतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे भार आला कीं त्याचा आंतला भाग घसरतो. बाहेरचे दाते थांबले तरी आंस फिरत राहतो, आणि मोटर जळत नाहीं, दातेहि तुटत नाहींत. या चाकाच्या योगानें माझा रेचा इतका सौम्य झाला कीं दात्यांत बोट घातलें तरी तो निमूटपणें थांबे.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी आळी त्यांस नाना म्हणते. जिल्ह्यांतील एका जिनिंगमध्यें त्यांनीं उमेदीचीं वर्षें फिटर म्हणून घालविलीं. शाळा त्यांची फार झाली नाहीं; परंतु रेच्याच्या आवाजावरून कोणत्या रुळाचें कातडें झिजलें आहे हें ते अचूक सांगत, असें त्यांचे सोबती अजून सांगतात. यंत्र पुरतें झालें, तेव्हां मीं त्यांस बोलाविलें. त्यांनीं चष्मा पुसला, कांहीं वेळ पाहिलें, आणि रूळ व स्थिर पातें यांच्यामधील फटीवर बोट ठेविलें.

“पातं रुळाला दाबून बसलं पायजे, बापू. ढिलं ऱ्हायलं तर सरकी बी तिकूनच जातीय.”

त्यांच्या सांगण्यावरून पात्याच्या मागें एक रबराचें कडें ताणून बसविलें. पातें रुळास टेंकलें. नानांनीं चिमूटभर कापूस दोन बोटांनीं विंचरून रुळांशीं धरला. रुळांनीं तो हळू हळू ओढला, पातें टकटक करूं लागलें, आणि तीन-चार सरक्या खालच्या ताटलींत पडल्या. तो आवाज ऐकतांना त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, तें मी विसरणार नाहीं. मग त्यांनीं दुसरा प्रश्न केला.

“दाते तर ब्येस फिरायलेत. पर ह्याच्यावरचं झाकण कुठं हाय?”

“नाना, दाते सर्वांना दिसावेत म्हणून असें यंत्र उघडेंच ठेवितात,” मी म्हणालों.

“दिसायला बरंय. पर दात्याला मानूस दिसत नसतो, बापू.”

त्यांनीं हात पुढें केला नाहीं. तो यंत्राशेजारीं मेजावर होताच. त्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं पेरें नाहींत. आळींतील सर्वांस तें ठाऊक आहे, आणि त्याविषयीं कोणी विचारीत नाहीं. रात्रपाळींत चालत्या यंत्राच्या दात्यांत अडकलेला कापूस काढतांना तीं गेलीं, एवढेंच त्यांनीं त्या दिवशीं सांगितलें. दात्यांवरचें झांकण आदल्या दुरुस्तीच्या वेळीं काढलेलें होतें, आणि तें पुन्हां बसविण्याइतकी उसंत कोणास नव्हती.

माझ्या यंत्रांत पांढरें चाक होतें; खऱ्या रेच्यांत बोटाची कींव करणारें चाक नसतें. खेळण्याच्या मोटरीचें बळ नऊपट केलें तरी तें मुलाच्या मुठींत मावतें. कारखान्यांतील मोटरीच्या बळापुढें मनुष्याचें हाड आणि सरकीचें टरफल यांत भेद उरत नाहीं. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमांत फिरत्या यंत्रभागांस पक्कें कुंपण घालण्याची सक्ति केली होती, आणि मळणीयंत्रासारख्या यंत्रांसाठीं १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा निराळा कायदा झाला. कायदा कागदावर असतो, आणि झांकण हें कोणीतरी हातानें बसवावें लागतें. आपल्या खेड्यांत मळणीयंत्र, कडबाकुट्टी व उसाचा चरक यांच्यापुढें उभीं राहणारीं माणसें आपल्याच घरांतलीं असतात. त्यांचीं मुलें या शाळेंत आपल्या बांकावर बसतात.

झांकण करावयाचें ठरलें. नुसतें झांकण ठेवणें सोपें होतें. परंतु तें काढून ठेवितां येतें, आणि काढलेलें झांकण कोपऱ्यांत पडून राहतें, हा नानांचा अनुभव होता. म्हणून दोघांनीं मिळून निराळी युक्ति केली. मोटर आणि यंत्राचा पहिला आंस यांच्यामध्यें गति पोंचविणारें एक मधलें चाक घेतलें, आणि तें चाक झांकणावरच बसविलें. मधल्या चाकानें वेगाचें प्रमाण बदलत नाहीं, फक्त दिशा बदलते. तेव्हां पूर्वींचा हिशेब तसाच राहिला. झांकण मिटलें कीं तें चाक दोन्हीकडील दात्यांत बसतें आणि रेचा चालतो. झांकण उचललें कीं चाकहि उचललें जातें; मोटर एकटीच फिरत राहते, रूळ व पातें जागच्या जागीं थांबतात. झांकणावांचून चालूं म्हटलें तरी हें यंत्र चालूं शकत नाहीं. बिजागरीचा सांधा ढिला पडे, चाक नेमकें दात्यांत उतरत नसे. तीन संध्याकाळीं गेल्या, आणि दर वेळीं नाना खुर्ची ओढून बसलेले असत. झांकण नीट बसलें, त्या दिवशीं त्यांनीं तें दहा-बारा वेळां उघडून मिटून पाहिलें, आणि कांहींहि न बोलतां घरीं गेले.

आपल्या शिक्षणांत डोकें व हात यांची फारकत फार जुनी आहे. वाचणारानें हात मळवूं नये, आणि हात मळविणारानें मत देऊं नये, असा अलिखित नियमच आहे. तो मोडण्याचे प्रयत्नहि आपल्याकडे झाले. अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे शिकलेले इंजिनियर विसाव्या शतकाच्या आरंभीं अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें विणकरांच्या हातमागाची सुधारणा करीत बसले होते. पुढें १९२२ सालीं स्वदेशीं, केंटकी राज्यांतील बेरिया गांवीं, त्यांनीं विणकामाचाच उद्योग उभारला. शिकलेला मनुष्य मागापाशीं बसला, तेव्हां माग सुधारला. माझ्या मेजावर तसेंच कांहीं अल्प प्रमाणांत घडलें. दात्यांचा हिशेब मला ठाऊक होता. पात्याचा दाब आणि झांकणाची किंमत नानांस ठाऊक होती. विटांचा तो खेळ मध्यें नसता, तर आम्ही दोघे वर्षानुवर्षें केवळ नमस्कार करून आपापल्या दारीं गेलों असतों.

येथें एक रास्त आक्षेप निघेल. हे संच महाग असतात. मोटर असलेल्या चांगल्या संचास हजारों रुपये पडतात. कापूस वेंचून घर चालविणाऱ्या आईनें आपल्या मुलास तो कोठून द्यावा? याचें उत्तर पुण्यांतील अरविंद गुप्ता यांनीं केव्हांच देऊन ठेविलें आहे. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्या सांध्यांनीं त्रिकोण, चौकोन व घन उभे करावयाचे, टाकाऊ वस्तूंतून पंप व मोटरी बनवावयाच्या, हें त्यांनीं देशभरच्या मुलांस शिकविलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आगकाड्यांचा त्रिकोण दाबून पाहिला तर हलत नाहीं आणि चौकोन लगेच कलंडतो, हा सिद्धांत समजण्यास डेन्मार्कच्या विटेची गरज नाहीं. विटेचा विशेष एवढाच कीं तिचें माप मिलिमीटरच्या शतांशापर्यंत नेमकें असतें, आणि ती हजार वेळां मोडून पुन्हां जोडतां येते. शाळेनें असा एक संच सर्वांसाठीं मिळून ठेवावा, आणि घरीं प्रत्येकानें आगकाड्या व पुठ्ठा वापरावा, हें सर्वांच्या आवांक्यांतलें आहे.

बालमित्रांनो, प्रथम आपापल्या सायकलीजवळ बसा. पॅडलजवळच्या चक्राचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा, आणि पॅडलच्या एका फेऱ्यांत मागचें चाक किती फेरे घेतें हें भागाकारानें काढून मग प्रत्यक्ष फिरवून पाहा. नंतर घरचें शिवणयंत्र पाहा. सुई वर-खालीं करणारी दांडी कोणत्या चाकाच्या कडेस जोडली आहे तें शोधा. मग वडील माणसाबरोबर जाऊन शेतावरची कडबाकुट्टी तीं बंद असतांनाच न्याहाळा. तिचे दाते मोजावेतच; परंतु त्यांवर झांकण आहे किंवा नाहीं हेंहि पाहावें, आणि नसलें तर तें कोठें पडलें आहे हें विचारावें. शक्य तर त्याच दिवशीं तें बसवून घ्यावें. तुमच्या यंत्राची प्रतिकृति शाळेच्या प्रदर्शनांत मांडाल, तेव्हां गुण देणारे परीक्षक दात्यांचें प्रमाण विचारतील. झांकणाविषयीं कोणी विचारलें नाहीं तरी तें तुम्हीं आपण होऊन दाखवावें, एवढीच या लेखकाची विनंती आहे.